पदभ्रमणातील कॉफी

पदभ्रमणातील कॉफी म्हणजे डोंगरयात्रा, गिर्यारोहण, सायकलप्रवास किंवा रानातील मुक्काम अशा प्रसंगी, पाठीवर वाहून नेता येईल एवढ्याच साहित्यात तयार केलेली कॉफी होय. घरातील कॉफीपेक्षा तिचे शास्त्र वेगळे नाही. वेगळ्या आहेत त्या अडचणी. प्रवासी ओझे ग्रॅममध्ये मोजतो, इंधन मोजके असते, पाणी मिळेल ते घ्यावे लागते, वारा ज्योत टिकू देत नाही आणि उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरेच आधी उकळू लागते. यांतून वाट काढण्यासाठी निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या पद्धती शोधल्या. त्यांपैकी सर्वांत साध्या पद्धतीला एका पातेल्याशिवाय काहीच लागत नाही. कॉफीची चव मुख्यतः पुडीचे प्रमाण, दळणाची जाडी, पाण्याचे तापमान आणि मुरण्याचा वेळ या चार गोष्टींवर ठरते, आणि या चारांपैकी एकीचेही वजन सॅकमध्ये वाढत नाही.

इतिहास

प्रवासात नेण्याजोग्या कॉफीचे एक जुने वर्णन इथिओपियातील आहे, आणि ती कॉफी पेय नव्हती. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस याने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ओरोमो लोक स्वारीवर निघताना भाजून कुटलेली कॉफी लोण्यात मळून तिचे गोळे चामड्याच्या पिशवीत बरोबर नेतात, असे लिहिले आहे. असा एक गोळा माणसाला दिवसभर पुरतो, असे तो म्हणतो. पाणी, भांडे आणि आग या तिन्हींची गरज टाळणारी ही पद्धत वजनाच्या हिशोबात आजही कोणाला मागे टाकता आलेली नाही.

अरबस्तानातील बेदुईन टोळ्यांनी उलट मार्ग धरला. कॉफी हा त्यांच्या आतिथ्याचा भाग असल्यामुळे भाजण्याचे लोखंडी पळे, कुटण्याचा खल आणि 'दल्ला' नावाची चोचदार किटली असा सारा सरंजाम उंटावरून तंबूबरोबर फिरत असे. अरबी कॉफीच्या या परंपरेची नोंद युनेस्कोने २०१५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

पायी चालणाऱ्या माणसाच्या पाठीवरील कॉफीचा मोठा अध्याय अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१–१८६५) आहे. उत्तरेकडील सैन्याच्या शिध्यात दर शंभर माणसांमागे रोज १० पौंड कच्च्या किंवा ८ पौंड भाजलेल्या कॉफीची तरतूद होती. म्हणजे भाजलेली कॉफी माणशी सुमारे ३६ ग्रॅम पडे. शिपाई बिया तव्यावर भाजत, दगडाने किंवा बंदुकीच्या दस्त्याने कुटत आणि पत्र्याच्या डब्यात उकळत. या युद्धात लढलेल्या जॉन बिलिंग्ज याने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच कडक बिस्किटांबरोबर कॉफी आहे, यावरून शिपायांच्या दिनक्रमातील तिचे स्थान कळते. सैन्याने दूध व साखर घातलेला घट्ट अर्क डब्यांतून पुरवून पाहिला, पण तो शिपायांना मुळीच आवडला नाही.

युद्धानंतर पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल याने भाजलेल्या बिया एकेक पौंडाच्या बंद पुड्यांत विकण्यास सुरुवात केली. बियांचा वास टिकावा म्हणून त्यांच्यावर अंडे व साखर यांचा पातळ लेप देण्याच्या कृतीचे पेटंट त्याने १८६८ मध्ये घेतले. पश्चिमेकडील गुराख्यांच्या तळांवर हीच कॉफी पोचली. प्रत्येक पुडीत पेपरमिंटची एक कांडी असे. ती मिळावी म्हणून दळण्याचे काम करायला गुराखी आपण होऊन पुढे येत, अशी आख्यायिका आहे.

भारताशी थेट जोडलेली एक कॉफी ग्लासगोत तयार झाली. पॅटरसन अँड सन्स या कंपनीचा 'कॅम्प कॉफी' हा कॉफी, चिकोरी व साखर यांचा बाटलीबंद अर्क १८७६ पासूनचा आहे. भारतात तैनात असलेल्या गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला छावणीत झटपट कॉफी करता यावी म्हणून तो बनवला गेला, असे परंपरेने सांगितले जाते. बाटलीवरील जुन्या चित्रात बसलेल्या स्कॉटिश अधिकाऱ्याजवळ शीख सेवक उभा दिसे. पुढे हे चित्र बदलत गेले आणि आजच्या चित्रात दोघेही शेजारी बसून कॉफी पितात.

विद्राव्य अर्थात इन्स्टंट कॉफीचे पेटंट न्यूझीलंडमधील डेव्हिड स्ट्रँग याने १८९० मध्ये घेतले. सातोरी कातो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आपली विद्राव्य कॉफी १९०१ मध्ये अमेरिकेतील बफलो येथील प्रदर्शनात मांडली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातून जगभर पोचली. कॉफी गोठवून निर्वात अवस्थेत वाळवण्याची पद्धत नंतरची असून तिच्यात वास तुलनेने बरा टिकतो.

अर्क उतरण्याचे तत्त्व

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळाच हवासा नसतो. गरम पाण्याशी संबंध येताच आधी आंबट घटक उतरतात, मागोमाग गोडसर आणि अखेरीस कडवट व तुरट घटक येतात. पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला म्हणजे चव समतोल लागते, असा व्यवसायातील सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून कमी उतरल्यास कॉफी आंबट आणि पाणचट होते. अधिक उतरल्यास कडू होते. कडू झालेल्या कॉफीत 'पूड जास्त पडली' असे बहुधा म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेकदा पूड कमी आणि वेळ जास्त झालेला असतो.

प्रमाणाचा प्रचलित संकेत एक लिटर पाण्याला सुमारे ५५ ग्रॅम पूड असा आहे. २५० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेल्याला त्यानुसार १४ ग्रॅम पुरते. रानात पूड थोडी सांडते व हाताने टाकताना चुकते हे धरून १५ ग्रॅमचा हिशोब सोयीचा पडतो. तराजू नेण्याची गरज नाही. घरीच एकेका पेल्याची पूड तोलून छोट्या पुड्या बांधल्या, की मुक्कामावर अंदाज करावा लागत नाही आणि किती पेले उरले तेही कळते. पाण्याचे मापही पेल्याला आतून ओरखडा काढून घरीच करून ठेवता येते.

पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे असे मानले जाते. समुद्रसपाटीजवळ पाणी उकळून आच बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबले की ते या टप्प्यात येते.

दळणाचा नियम साधा आहे. पूड जितकी बारीक तितका अर्क लवकर उतरतो आणि जितकी जाडी तितका उशिरा. रव्याहून जाडी भरड चार-पाच मिनिटे मुरू द्यावी लागते, तर मैद्यासारखी पूड अर्ध्या मिनिटात सारे देऊन बसते. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उडतो. म्हणून एक-दोन रात्रींच्या भटकंतीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दळलेली, हवाबंद पिशवीतील पूड उत्तम. आठवड्याहून मोठ्या प्रवासात हाताने फिरवायची लहान चक्की नेण्याचा विचार करता येतो. मात्र अशा चक्कीचे वजन बहुधा पाव ते अर्धा किलो असते आणि तेवढ्या वजनात वीस-तीस पेल्यांची कॉफी येते.

पद्धती

उकळत्या पाण्यात टाकून निवळलेली कॉफी ही सर्वांत हलकी पद्धत. अमेरिकेत तिला गुराख्यांची कॉफी म्हणतात. स्वीडन व नॉर्वेत हीच 'कोककाफे', 'कोकेकाफे' या नावांनी प्रतिष्ठित आहे आणि तिच्यासाठी जाडी भरड दुकानात वेगळी मिळते. या पद्धतीची बदनामी झाली ती पूड पाण्यात घालून वाटेल तितका वेळ रटरटू देण्याच्या सवयीमुळे. नीट केल्यास तिची चव महागड्या साधनांच्या तोडीची येते. पाणी उकळून आच बंद करावी. अर्धा मिनिट थांबून जाडी पूड वरून पसरावी आणि ती सगळी भिजेपर्यंत ढवळावी. झाकण ठेवून चार मिनिटे मुरू द्यावी. भाजलेल्या बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असल्यामुळे पुडीचा थर सुरुवातीला वर तरंगतो. चार मिनिटांनी हा थर चमच्याने हलकेच मोडला की वायू निसटतो आणि चोथा तळाशी जाऊ लागतो. वरून दोन-तीन चमचे थंड पाणी सोडण्याची रीत आहे. थंड पाणी जड असल्यामुळे खाली जाताना कण बरोबर नेते. आणखी दोन मिनिटांनी पातेले न हलवता, सावकाश तिरपे करून कॉफी ओतावी आणि शेवटचे दोन घोट पातेल्यातच सोडून द्यावेत. ते घोट सोडण्याची तयारी नसलेल्यांनाच या कॉफीत रेती लागते.

सामी लोक उत्तर स्कँडिनेव्हियात अशी कॉफी भूर्ज वृक्षाच्या गाठीतून कोरलेल्या लाकडी पेल्यात पितात आणि तिच्यात चीजचे तुकडे टाकून खातात. पेयात आहाराची भर घालणारी ही रीत थंड प्रदेशातील प्रवासाला साजेशी आहे.

फडक्यातून गाळलेली कॉफी ही वरील पद्धतीचीच सुधारलेली आवृत्ती. सुती फडक्याचे वजन नगण्य असते आणि कॉफी स्वच्छ मिळते. फडके साबणाने धुऊ नये, कारण साबणाचा वास पुढच्या पेल्यात उतरतो. ओले फडके बंद पिशवीत राहिले तर त्याला कुबट वास येतो. म्हणून ते सॅकच्या बाहेरच्या बाजूला चालता चालता वाळत ठेवतात. ठिबक पद्धतीसाठी घडीचे शंकू मिळतात, तसेच पेल्याच्या काठाला अडकवायच्या कागदी पिशव्याही मिळतात. त्या सोप्या आहेत, पण प्रत्येक पेल्यामागे कचऱ्याचा एक नग तयार करतात.

तुर्की पद्धतीत पिठासारखी पूड थंड पाण्यात घालून मंद आचेवर फेस वर येईपर्यंत तापवतात आणि न गाळता निवळू देतात. पेला जेमतेम ६०–७० मिलिलिटरचा असल्यामुळे इंधन फारच कमी लागते. वजन व इंधन दोन्ही तुटपुंजे असताना या पद्धतीइतका चांगला पर्याय क्वचितच सापडतो. अडचण एवढीच की एवढी बारीक पूड घरच्या मिक्सरवर होत नाही.

दाब देऊन कॉफी काढण्याचे 'एरोप्रेस' हे प्लास्टिकचे नळीसारखे साधन अमेरिकन संशोधक ॲलन ॲडलर याने २००५ मध्ये बाजारात आणले. मोठ्या पिचकारीसारख्या या साधनात दट्ट्या ढकलून कॉफी कागदी चकतीतून बाहेर काढतात. ते फुटत नाही, एका मिनिटात काम करते आणि चोथा घट्ट वडीच्या रूपात बाहेर पडतो. चोथा परत न्यायचा असतो तिथे हा शेवटचा गुण मोलाचा ठरतो. इटलीतील बियालेत्ती यांचे १९३३ चे 'मोका' भांडे वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवते; ते चवीला उत्तम असले तरी जड असते आणि छोट्या बर्नरच्या तीन पायांवर डगमगते.

दक्षिण भारतीय फिल्टरचे पितळी किंवा पोलादी भांडे रानात नेण्यासारखे नाही, पण त्यातून निघणारा घट्ट अर्क, म्हणजेच डिकॉक्शन, नेण्यासारखा आहे. आदल्या रात्री घरी काढलेले डिकॉक्शन छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून नेले, की गडावर फक्त पाणी तापवायचे उरते. चोथाही घरीच राहतो. उन्हाळ्यात असा अर्क दिवसाभरातच वापरावा.

थंड पाण्यात रात्रभर, साधारण बारा तास, जाडी पूड भिजवून केलेल्या कॉफीला इंधन मुळीच लागत नाही. तिच्यात आंबटपणा कमी असतो. पाण्याबाबतची खबरदारी मात्र या पद्धतीत अधिक घ्यावी लागते. ती पुढे दिली आहे.

इन्स्टंट कॉफीचे समर्थन आकड्यांतच आहे. दोन माणसे, पाच दिवस, रोज दोन-दोन पेले म्हणजे वीस पेले होतात. पेल्याला १५ ग्रॅमप्रमाणे दळलेली कॉफी ३०० ग्रॅम भरते, तर पेल्याला २ ग्रॅमप्रमाणे इन्स्टंट कॉफी अवघी ४० ग्रॅम. शिवाय भिजलेला चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो. वीस पेल्यांचा चोथा परत आणायचा तर तो ओला असताना पाऊण किलोच्या वर जातो. चवीतील फरक मान्य करूनही अनेक अनुभवी गिर्यारोहक लांबच्या मोहिमांत इन्स्टंटच का नेतात, याचे उत्तर या हिशोबात आहे.

उंचीचा परिणाम

उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळमानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. हे तापमान कॉफीसाठी शिफारस केलेल्या टप्प्यातच आहे, त्यामुळे तिथे उकळी आल्यावर थांबण्याचीही गरज नाही. सह्याद्रीत कॉफी बिघडली तर दोष उंचीला देता येत नाही.

हिमालयात चित्र बदलते. सुमारे ३,५०० मीटरवरील लेह येथे पाणी ८८ अंशांच्या जवळपास, तर एव्हरेस्टच्या नेपाळकडील पायथा-तळावर (सुमारे ५,३६० मीटर) ८२–८३ अंशांना उकळते. अशा पाण्यात नेहमीची भरड चार मिनिटे ठेवली तर अर्क अपुरा उतरतो आणि कॉफी आंबट, पातळ लागते. यावर उपाय तीन: पूड अधिक बारीक करणे, अधिक भाजलेल्या बिया वापरणे (त्यांचे घटक सहज विरघळतात) आणि मुरण्याचा वेळ वाढवणे. सखल प्रदेशात पाळायचा 'कॉफी उकळू नये' हा नियम इथे उलटतो. उकळते पाणीच ८३ अंशांचे असल्यावर पूड घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटे उकळी टिकवणे हा गैरप्रकार राहत नाही. पातेल्यातील उष्णता टिकवण्याचा तो एकमेव मार्ग असतो. झाकण ठेवले म्हणजे वास उडणेही कमी होते. पेला आधी गरम पाण्याने विसळून घेतल्यास कॉफी लगेच निवत नाही.

पाणी

पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अर्क उतरण्यास मदत करतात. पाणी अगदीच क्षारहीन असेल तर चव उघडी, टोचरी लागते. वितळवलेल्या बर्फाचे पाणी असेच असते. सामी व इतर उत्तरेकडील लोक कॉफीत चिमूटभर मीठ टाकतात त्याचे एक कारण हेच सांगितले जाते. मिठाने कडूपणाही दबतो.

सह्याद्रीतील गडांवर पाणी बहुधा कातळात खोदलेल्या टाक्यांचे असते. ते मुख्यतः पावसाचे असले तरी पिण्याआधी शुद्ध करणे आवश्यक आहे. पाणी खळखळून एक मिनिट आणि सुमारे २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळल्यास ते पिण्यास सुरक्षित होते. गरम कॉफीसाठी पाणी नाहीतरी तापवायचेच असते, तेव्हा ही उकळी पूर्ण होऊ द्यावी आणि मग कॉफीसाठी हवे तेवढे निवू द्यावे. थंड पाण्यात भिजवायच्या कॉफीला आधीच शुद्ध केलेलेच पाणी वापरावे लागते. कॉफी घातल्याने जंतू मरत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्यांनी शुद्ध केलेल्या पाण्याला येणारा वास कॉफीत ठळकपणे जाणवतो. असे पाणी उघड्या पातेल्यात थोडा वेळ उकळल्यास तो पुष्कळ कमी होतो.

इंधन आणि आग

एका पेल्याचे २५० मिलिलिटर पाणी १५ अंशांवरून ९५ अंशांवर नेण्यास सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता लागते. ब्युटेन-प्रोपेन गॅसच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४६ किलोज्यूल मिळतात. छोट्या बर्नरची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर एका पेल्याला साधारण ४ ग्रॅम गॅस लागतो. वारा सुटला की हा आकडा सहज दुप्पट होतो. म्हणून झाकण आणि वाऱ्याचा आडोसा ही सर्वांत किफायतशीर साधने होत. मात्र गॅसच्या डब्यावर बसवलेल्या बर्नरला चहूबाजूंनी आडोसा करू नये. डबा तापून फुटण्याचा धोका असतो.

बर्फ वितळवून पाणी करायचे तर हिशोब जवळजवळ दुप्पट होतो, कारण शून्य अंशाचा बर्फ वितळवण्यासच तेवढे पाणी शून्यावरून ८० अंशांवर नेण्याइतकी उष्णता लागते. हिमप्रदेशात कॉफीचा प्रत्येक जादा पेला उद्याच्या पिण्याच्या पाण्यातून वजा होतो. थंडीत गॅसही दगा देतो. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली वायुरूप होईनासा होतो. आयसोब्युटेन उणे १२ आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. साधा डबा रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवणे हा यावरचा रूढ उपाय आहे. गॅसचे डबे विमानात कोणत्याही सामानात नेता येत नाहीत व रेल्वेतही ज्वलनशील पदार्थांना मनाई आहे, त्यामुळे ते मुक्कामाच्या जवळच्या गावात घ्यावे लागतात.

पाऊस, वारा किंवा थंडी यांमुळे तंबूच्या आत स्टोव्ह पेटवण्याचा मोह होतो आणि इथेच कॉफीचा विषय जिवावर बेततो. बंदिस्त जागेतील ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. हा वायू रंगहीन व गंधहीन असतो. डोकेदुखी, मळमळ आणि ग्लानी ही त्याची लक्षणे थकव्याची किंवा उंचीच्या त्रासाची वाटतात. अमेरिकन शोधप्रवासी रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकावरील एकाकी ठाण्यात स्टोव्ह व जनित्राच्या धुरामुळे या विषबाधेने मरता मरता वाचला. स्टोव्ह तंबूबाहेर, फार तर पूर्ण उघड्या दर्शनी भागात पेटवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

सह्याद्रीत दुसरा धोका वणव्याचा. पावसाळा संपून गवत वाळले की नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत एका ठिणगीने डोंगरउतार पेटू शकतो. राखीव वनात नियमांविरुद्ध आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगडासारखे अनेक लोकप्रिय गड अभयारण्यांच्या हद्दीत येतात. तीन दगडांच्या चुलीवरच्या कॉफीला धुराचा खास वास येतो हे खरे. पण कोरड्या महिन्यांत बर्नर मोकळ्या कातळावर ठेवून केलेली कॉफीच योग्य.

महाराष्ट्रातील पद्धत

सह्याद्रीच्या गडवाटांवर राज्य चहाचे आहे. पायथ्याच्या गावात आणि गडावरील झोपड्यांत पिठले-भाकरीबरोबर मिळतो तो चहाच. महाराष्ट्रात कॉफीची लागवडही अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरापुरतीच आहे. मराठी घरांतील जुन्या वळणाची कॉफी दुधात उकळून, साखर, वेलदोडा आणि जायफळ घालून केली जाते. ती रानात करता येते. त्यासाठी दुधाची पूड आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्यावी, नाहीतर उकळत्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतात. अख्खे जायफळ काही ग्रॅमचेच असते आणि चाकूने खरवडून अनेक पेल्यांना पुरते.

बाजारातील बहुतेक भारतीय फिल्टर कॉफीत चिकोरी असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफीचा भाग किमान ५१ टक्के असावा लागतो. चिकोरी पाण्यात लवकर व जास्त विरघळते, त्यामुळे थोड्या पुडीत गडद रंग व घट्टपणा येतो; तिच्यात कॅफिन मात्र नसते. पावसाळी भटकंतीत इन्स्टंट कॉफी व दुधाची पूड हवेतील ओल शोषून दगडासारखी घट्ट होते. बाटलीऐवजी एकेका पेल्याच्या बंद पुड्या नेल्यास एक उघडल्याने बाकीच्या बिघडत नाहीत.

आरोग्य

कॉफीने शरीरातील पाणी कमी होते ही समजूत गिर्यारोहकांत रूढ आहे. २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, नियमित कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवरील प्रयोगात माफक कॉफी आणि तेवढेच पाणी यांमुळे शरीरातील जलपातळीत लक्षणीय फरक आढळला नाही.

उंचीवर खरा गोंधळ होतो तो कॉफी अचानक सोडल्याने. रोज कॉफी पिणाऱ्याने ती बंद केली तर साधारण १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, आणि हिमालयात पोचल्याचा पहिला-दुसरा दिवस नेमका तोच असतो. ही डोकेदुखी उंचीच्या आजाराच्या पहिल्या लक्षणासारखीच असल्यामुळे निदान चुकू शकते. उंचीवरील वैद्यकाचे अभ्यासक पीटर हॅकेट यांनी २०१० मधील लेखात याकडे लक्ष वेधले आणि सवय असलेल्यांनी उंचीवरही कॉफी चालू ठेवावी असा निष्कर्ष मांडला. मात्र कॉफी घेऊनही डोकेदुखी थांबली नाही, किंवा तिच्याबरोबर उलटी, तोल जाणे अशी लक्षणे दिसली, तर ती उंचीचीच समजून आणखी वर न चढणे आणि गरजेप्रमाणे खाली उतरणे आवश्यक असते.

चोथ्याची विल्हेवाट

कॉफीचा चोथा कुजणारा असला तरी तो मुक्कामाच्या जागी सावकाश कुजतो आणि त्याचा वास प्राण्यांना आकर्षित करतो. टाक्यात किंवा ओढ्यात पातेले विसळल्यास पुढच्या प्रवाशाचे पिण्याचे पाणी गढूळ होते. म्हणून चोथा फडक्यात पिळून, उन्हात सपाट दगडावर तासभर वाळवून पिशवीत परत आणतात. वाळला की त्याचे वजन पुन्हा नेलेल्या पुडीहून थोडे कमीच भरते. पातेले विसळलेले पाणी टाक्यापासून दूर, मातीवर पसरून ओततात. कागदी गाळण्या आणि इन्स्टंटच्या चकचकीत पुड्या जाळू नयेत. पुड्यांतील ॲल्युमिनियमचा थर शेकोटीत जळत नाही आणि राखेत तसाच उरतो.